जाळी लावलेला वस्तरा

भाड्याने खोली देताना घरमालक काय काय विचारतात, याचा मला बदलीच्या नोकरीमुळे दांडगा अनुभव आहे. लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, मोटारसायकल कुठे लावणार, मोठ्याने गाणी ऐकता का. तुमसरला मात्र मला यातलं काहीच विचारलं गेलं नाही. दारात सत्तरीच्या घरातले एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, नजर माझ्या हनुवटीवर येऊन थांबली आणि ते म्हणाले, "दाढी कायनं करता?"

"रेझरने," मी म्हणालो. आणखी काय सांगणार?

"दाखवा."

मी बॅग उघडून माझा रेझर त्यांच्या हातात दिला. प्लास्टिकची रंगीत दांडी, पुढे पाच पाती, जाहिरातीत दाखवतात तसला. त्यांनी तो मेलेलं झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला, नख घालून उघडायचा प्रयत्न केला.

"उघडत नाही?"

"नाही. धार गेली की टाकून द्यायचा."

"जे उघडत नाही ते समजन कसं?" असं म्हणून त्यांनी तो परत केला, आणि लगेच पुढे म्हणाले, "खोली पाहून घ्या. नळ सकाळी सहाले येते."

मला हसू आवरेना, कारण दाढीवर हा उपदेश करणाऱ्या माणसाच्या तोंडावर वर्तमानपत्राचे पाच तुकडे चिकटलेले होते. दोन गालांवर, दोन गळ्यावर, एक कानाखाली. प्रत्येकाच्या मधोमध लाल ठिपका. कानाखालच्या तुकड्यावर 'धान' एवढी अक्षरं वाचता येत होती. बाजारभावाच्या पानाचा असावा.

सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. नाकाडोंगरीकडच्या एका गावातल्या ढीवर घरात ते जन्मले. घरचे सगळे तलावावर मासेमारी करणारे. हा एकटाच पोरगा मँगनीजच्या खाणीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागला, तिथेच निवृत्त झाला आणि तुमसर रोड स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तीन खोल्या बांधून राहिला. माझी नोकरी वजनकाटे तपासण्याची. तुमसरला राइस मिल आणि धानाचा बाजार, त्यामुळे काट्यांना तोटा नव्हता. माझ्या पिशवीत प्रमाणित वजनं असत आणि केसाएवढं अंतरही मोजणारा एक वर्निअर कॅलिपर असे. माझ्यापेक्षा त्या कॅलिपरवर मिस्त्रींचा जास्त जीव होता, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी ऑफिसातून आलो की ते आधी पिशवीकडे पाहत, मग माझ्याकडे.

वस्तू उघडून पाहणं ही त्यांची खोड होती. कुकरची शिटी, छत्रीचा खटका, माझा स्टेपलर, नेलकटर, काहीही. उघडायचं, पायरीवर पसरायचं आणि मान वाकडी करून स्वतःलाच विचारायचं, "हे पहिल्यांदा कोणाले सुचलं असन?" माझ्या बॅगेची चेन एकदा अडकली होती. ती त्यांनी दुरुस्तीला नेली आणि दोन दिवस मी प्रमाणित वजनं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, भाजीच्या पिशवीतून नेली. मिलवाले तोंडावर काही बोलले नाहीत, पण मागे हसले असणार. तिसऱ्या दिवशी चेन अशी लोण्यासारखी चालू लागली की मी रागावायचं विसरून गेलो.

पण त्यांचं खरं वेड रेझरचं. एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात एकतीस रेझर. काही भंगारातून वेचलेले, काही खाणीच्या कॉलनीतून बदली होऊन गेलेल्या साहेबांनी टाकून दिलेले. रविवारी दुपारी ते ओसरीवर पोतं अंथरून ओळीने मांडत आणि मला समोर बसवत.

"पहिले वस्तरा," ते एका टोकाला बोट ठेवत. "नुसती धार. चालवणाऱ्याच्या हातावर सगळा भरवसा. मंग कोणाले तरी वाटलं, धारेसमोर काही आडवं लावावं, म्हणजे चामडीत घुसणार नाही. हे पाहा, कंगव्यावानी दात. याले मी जाळी म्हणतो. मंग कोणी दांडी आडवी लावली, फावड्यावानी. आता हात कसाही धरा, धार आपोआप तिरपी बसते. मंग पातं पातळ झालं, दोन्हीकडून धारेचं. मंग हा पाहा." असं म्हणून ते एका जड रेझरची दांडी खालून फिरवत आणि डोक्यावरची दोन झाकणं हळूच दारासारखी उघडत. त्या वेळी त्यांचा चेहरा असा काही फुलायचा की मीही दर वेळी "वा!" म्हणायचो. ती दारं मी निदान वीस वेळा उघडताना पाहिली असतील.

हे सगळं त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. नुसत्या वस्तू शेजारी शेजारी ठेवून कोणती आधीची, कोणती नंतरची, हे त्यांनी स्वतः जुळवलं होतं. "नव्यात जुन्याची चूक दुरुस्त केलेली दिसते. तेवढं पाहाचं," ते म्हणत.

एकदा त्यांनी मला एक पितळी रेझर वापरायला दिला. दांडी, दातांची जाळी, टोपी, असे तीन भाग आणि मध्ये पातं. मी सावध माणूस. पहिल्यांदाच वापरतोय, तर जरा मऊ चालावा म्हणून दांडी अर्धा आटा सैल केली. गालावरून दोनदा फिरवतो तो रक्ताची धार. मी तसाच फेसभरल्या तोंडाने ओसरीवर आलो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंच नाही, रेझर हातातून घेऊन दांडी पाहिली.

"ढिला केला?"

"मऊ चालावा म्हणून."

"इथंच सगळे चुकते. दांडी कसली का पातं वाकते अन् जाळीजवळ येते. ढील देल्ली का पातं सरळ होते, जाळीपासून दूर जाते अन् जास्त कापते." मग खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून माझ्या गालावर लावला. तो तुकडा त्यांच्या खिशात तयारच असायचा.

त्या दिवशी मला प्रश्न पडला. रेझरमधलं एवढं कळणारा माणूस रोज स्वतःला पाच ठिकाणी कापून कसा घेतो? मी तो सरळ काकूंना विचारला. त्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, "हे कायले कापतील भाऊ? हे सोता दाढी करतच नाही."

"मग?"

"दोस्ताकडे जाते ना रोज. गावचा न्हावी आहे त्यांचा, मिलच्या भिंतीले लागून टपरी आहे. त्याचा हात कापते आता. बाकीचे गिऱ्हाईक गेले सोडून. हे नाही सोडत. मी म्हटलं, इतके रेझर आहे घरी, घरीच करा. तं मले म्हणतात, मी नाही गेलो तं तो दुकान कायले उघडन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही मिस्त्रींबरोबर गेलो. सांगायला लाज वाटते, पण निव्वळ उत्सुकता होती.

टपरी म्हणजे एक पत्रा, एक लाकडी खुर्ची, एक बाक आणि एक आरसा. शेजारच्या मिलमधून सारखा कोंडा उडायचा, त्यामुळे आरसा दर थोड्या वेळाने फडक्याने पुसावा लागायचा. न्हावीबुवा मिस्त्रींच्याच वयाचे, ठेंगणे, नजर अधू झालेले, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यातले. चुकून आलेल्या गिऱ्हाइकासाठी आजकालचा अर्ध्या पात्याचा वस्तरा होता, पण मिस्त्रींसाठी त्यांनी कापडात गुंडाळलेला जुना पोलादी वस्तरा काढला. चामड्याच्या पट्ट्यावर तो चार वेळा परजला. तोपर्यंत हात ठीक होता. गालाशी वस्तरा आला आणि हात थरथरू लागला. न्हावीबुवांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. तरी थरथर थांबेना. मिस्त्रींनी डोळे मिटले होते. गालावर एक बारीक लाल रेघ उमटली.

"लागलं का गा?" न्हावीबुवांनी विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले.

असं चार वेळा झालं. चारही वेळा तोच प्रश्न, तेच उत्तर. मग तुरटी फिरली, आरसा पुसला गेला, आणि मिस्त्रींनी आरशात पाहत गालावर हात फिरवून "मस्त" असं म्हटलं. वर्तमानपत्राचे तुकडे त्यांनी टपरीपासून पुरेसं दूर आल्यावर, कडुलिंबाच्या आडोशाला उभं राहून लावले.

"त्याच्या हाताखाली बसलेलं पहिलं गिऱ्हाईक मी," चालता चालता ते म्हणाले. "खाणीत मुलाखतीले जाचं होतं. त्याचा बाप लग्नाले गेलता. हा म्हणे, मी करतो. मीही भेलो अन् तोही भेला. पण एक ठिपका नाही लागला, साहेब. एकही नाही."

आणि मग हळू आवाजात त्यांनी मला त्यांचं गुपित सांगितलं. त्यांना त्या पोलादी वस्तऱ्याला जाळी बसवायची होती. हात कितीही हलला तरी धार कातडीत जाणार नाही, अशी. नवा रेझर न्हाव्याच्या हातात देणं म्हणजे त्याला हिणवल्यासारखं होईल. वस्तरा त्याचाच राहिला पाहिजे. टपरी चालू राहिली पाहिजे. "तो घरी बसला का संपला," ते म्हणाले.

माप घेण्याचं काम माझ्या कॅलिपरवर आलं. न्हावीबुवा पाणी आणायला मिलच्या नळावर गेले की मिस्त्री नुसता हात पुढे करत आणि मी चोरासारखा कॅलिपर त्यांच्या हातात ठेवी. सरकारी उपकरणाचा असा उपयोग मी त्याआधी कधी केला नव्हता. तीन सकाळींत वस्तऱ्याची लांबी, पाठीची जाडी, सगळं माप मिळालं.

पहिली जाळी सागवानी लाकडाची झाली. कोरडी असताना झकास. साबणाचं पाणी प्यायली आणि फुगली, धार पार आत लपली, केस काही कापला जाईना. मग त्यांनी जुन्या स्टोव्हच्या टाकीचा पितळी पत्रा घेतला. वस्तऱ्याच्या पाठीवरून घालायचा, बारीक स्क्रूने कसायचा, आणि पुढे धारेच्या किंचित बाहेर येणारे दात. दातांमधलं अंतर किती ठेवायचं, यावर मात्र आमचं भांडण झालं.

त्यांच्याकडे वडिलांच्या हातची एक बांबूची पट्टी होती. मासे धरायचं जाळं विणताना प्रत्येक घर सारखं यावं म्हणून दोरा तिच्यावरून घेतात. घरातली सगळ्यात बारीक पट्टी ती. मिस्त्रींनी दातांमधलं अंतर त्या पट्टीएवढं ठेवलं.

"केस म्हणजे पाणी, चामडी म्हणजे मासोळी," ते मला समजावू लागले. "पाणी निघून गेलं पायजे, मासोळी अडली पायजे. माह्या बापाच्या पट्टीतून आजवर एक मासोळी नाही सुटली."

मी त्यांच्याच पेटीतल्या जुन्या रेझरचे दात मोजले. अंतर पट्टीच्या निम्म्याहूनही कमी. मी तसं सांगितलं. ते चिडले. "तुमी काटे तपासा. जाळं आमच्या घरचं आहे," म्हणाले आणि आत निघून गेले.

चाचणी पिकलेल्या टोमॅटोवर व्हायची. त्याला साबण लावायचा, पेटीतल्या तशाच वस्तऱ्यावर जाळी चढवायची, हात मुद्दाम हलवत तो फिरवायचा आणि साल फाटते का पाहायचं. त्या पट्टीच्या मापाच्या जाळीने टोमॅटोचा चिखल झाला. मऊ साल दातांमधून फुगून सरळ धारेवर आली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाजीत टाकाले टमाटर नाही, अन् हे टमाटरची दाढी करून राहिले!" मिस्त्रींनी पट्टी पुसून खुंटीला लावली आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन नुसता हात पुढे केला. मी कॅलिपर दिला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण खुंटीवरच्या त्या पट्टीकडे पाहून वाईटच वाटलं.

मग दात फार जवळ आले, तर फेस अडकू लागला. ते पुन्हा कापले. टोकं टोचू लागली, ती गोल केली. दीड महिना हे चाललं. त्या दिवसांत एकदा मी सहज मोबाइलवर शोधून पाहिलं आणि सापडलं ते पुन्हा एकदा वाचलं. साधारण अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका वस्तरे बनवणाऱ्याने वस्तऱ्याला लाकडी आड बसवली होती. कंगव्याचे दात, फावड्यासारखी दांडी, हेही पुढे एकेक करून तिकडे होऊन गेलेलं होतं. मिस्त्री पायरीवर बसून दीड महिन्यात शंभर वर्षांचा रस्ता पुन्हा चालून आले होते. सांगावं की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले. बिचाऱ्याचा हिरमोड होईल असं वाटत होतं. शेवटी राहवलं नाही आणि सांगितलं.

त्यांनी कानस खाली ठेवली. "लाकडाची होती?"

"हो."

"फुगली असन." मग त्यांनी जाळीवरची पितळेची भुकटी फुंकून काढली. मी काही समजूत घालणार, तेवढ्यात म्हणाले, "म्हणजे त्याच्याही न्हाव्याचा हात कापत असन." आणि इतके खूश झाले की त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला.

जाळी जवळजवळ झाली होती, आणि नेमकं तेव्हाच एका रविवारी टपरीवर ते घडलं. मी बाकावर बसलो होतो. वस्तरा वरच्या ओठाशी आला आणि हाताला एकदम मोठा झटका बसला. रक्त हनुवटीवरून सदऱ्याच्या कॉलरपर्यंत गेलं.

"लागलं का गा?"

"नाही."

न्हावीबुवांनी आरसा पुसला. कोंडा निघाला आणि त्यांना आरशात मिस्त्रींची लाल झालेली कॉलर दिसली. "तू खोटं बोलून राहिला," ते म्हणाले. "कधीपासून?"

मिस्त्रींनी फडक्याने हनुवटी पुसली.

"कधीपासून बे?"

"दोन साल झाले," मिस्त्री म्हणाले.

न्हावीबुवांनी वस्तरा मिटला, कापडात गुंडाळला, ब्रश धुतला आणि अर्धी दाढी झालेल्या मिस्त्रींना खुर्चीतच सोडून ते घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी टपरी उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मिस्त्रींनी घरी येऊनही उरलेली दाढी केली नाही. घरात एकतीस रेझर आणि मालकाच्या तोंडावर पांढरं रान, असं दृश्य बारा दिवस चाललं. काकूंनी बोलून पाहिलं. मीही म्हणालो, "थोडे दिवस जाऊ द्या मिस्त्री. राग शांत होईल. जरा ढील द्या."

"ढील देल्ली का जास्त कापते," ते म्हणाले. "तुमाले सांगतलं होतं ना?"

तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी जाळी माझ्याकडे शेवटच्या तपासणीला दिली. सगळे दात सारखे होते, फक्त टोकाचे दोन किंचित जाड. मी दाखवले. "राहू द्या," ते म्हणाले. मला आश्चर्य वाटलं, कारण एवढीशी चूक राहू देणारा हा माणूस नव्हे. जाळी रुमालात बांधून आम्ही निघालो.

न्हावीबुवा मिलमागच्या गल्लीत राहत. अंगणातल्या खाटेवर बसले होते. त्यांचीही दाढी वाढलेली. स्वतःचा हात चालेना आणि दुसऱ्या न्हाव्याच्या खुर्चीत बसायचं नाही. मिस्त्रींनी रुमाल सोडून जाळी त्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय होय?"

"जाळी. तुह्या वस्तऱ्याले बसते."

त्यांनी ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. "शिकाऊ पोट्ट्याले दे. जाळी लावून दाढी करणारा न्हावी कोणी पाहिला का? माह्या बापानं पाहिलं असतं तं वस्तरा तलावात फेकला असता."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. एकवार वाटलं, सगळं इथेच संपलं. पण मिस्त्रींनी बाह्या सरसावल्या. त्यांनी न्हावीबुवांच्या सुनेकडे गरम पाणी मागितलं, खुंटीवरची वस्तऱ्याची पेटी काढली, वस्तऱ्यावर जाळी चढवून स्क्रू कसले आणि म्हणाले, "बस नीट. तुही दाढी वाढली."

"तू करणार? तुले येते का?"

"नाही येत. म्हणूनच तं जाळी लावली."

न्हावीबुवांना हसू आलं असावं, कारण ते बसले. मिस्त्रींनी साबण लावला, तो अर्धा नाकात गेला. मग त्यांनी वस्तरा दोन्ही हातांनी धरला आणि वरून खाली ओढला.

"अबे, कानस मारून राहिला का? चामडी ताण. दुसऱ्या हातानं ताण!"

दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्यांदा ओढला. इतकी वाईट दाढी करताना मी कोणाला पाहिलं नाही. न्हावीबुवांनी गालावर बोटं फिरवली आणि डोळ्यांसमोर धरली. बोटांवर नुसता फेस होता. त्यांनी पुन्हा फिरवली. मग मिस्त्रींच्या हातातून वस्तरा काढून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि दातांवरून अंगठा फिरवत गेले. टोकाशी अंगठा थांबला.

"हे दोन दात जाड आहेत. साबण अडकून राहिला इथं. एवढं दिसलं नाही तुले? घास थोडे."

मिस्त्रींनी तत्काळ खिशातून बारीक कानस काढली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं आणि मान खाली घालून दात घासू लागले. न्हावीबुवा वाकून सांगत होते, इथं अजून, बस, आता गोल कर. घासून झाल्यावर त्यांनी वस्तरा हातात घेतला, पट्ट्यावर परजायची सवय म्हणून हात उचलला, जाळी आठवून थांबले आणि मिस्त्रींना म्हणाले, "बस तिथं."

बारा दिवसांची दाढी. हात तसाच थरथरत होता, जाळी गालावर खडखड वाजत होती. मिस्त्रींनी डोळे मिटले होते.

"लागलं का गा?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते खरं होतं.

घरी आलो तेव्हा काकू दारातच होत्या. त्यांनी मिस्त्रींच्या कोऱ्या गालांकडे पाहिलं. "दाढी तं झाली. दुसऱ्या न्हाव्याकडे केली का? मानला नाही ना तो?" त्यांनी काळजीने विचारलं. मिस्त्री नुसते हसले. मग माझ्यादेखत, एरवी नवऱ्याचं नावही न घेणाऱ्या त्या बाईने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. मला त्या वेळी जे वाटलं ते लिहायला संकोच कशाला? माझेही डोळे भरले होते.

टपरी उघडली. मिलमधले हमाल आधी चेष्टा करत आले, मग दाढीला बसू लागले. न्हावीबुवा प्रत्येकाला सांगायचे, "ही जाळी मीच सांगून बनवून घेतली. मिस्त्रीच्या हातानं दोन दात जाड झालते, ते मी धरले." मिस्त्री बाकावर बसून होकारार्थी मान हलवायचे.

पुढे काही महिन्यांनी एका रविवारी मिस्त्रींच्या गालावर पुन्हा वर्तमानपत्राचा तुकडा दिसला. मी घाबरून विचारलं, जाळी मोडली का?

"नाही. आज आइतवार."

"म्हणजे?"

"सहा दिवस जाळीचे. आइतवार त्याचा."

"त्यांनी मागितला?"

"तो कायले मागन? मीच म्हटलं, आज जाळीत कचरा आहे, काढून ठेव." एवढं बोलून ते माझ्या कुलपाचा स्क्रू काढायला बसले. तेव्हापासून दर रविवारी जाळीत कचरा असायचा, आणि दर रविवारी न्हावीबुवा वस्तरा पट्ट्यावर खूप वेळ परजायचे.

माझी बदली लाखनीला झाली. फार लांब नाही, पण घर बदलायचंच होतं. निघायचा दिवस रविवार होता. सामान टेम्पोत चढल्यावर मी टपरीवर गेलो आणि पहिल्यांदाच त्या लाकडी खुर्चीत बसलो. मिस्त्री बाकावर होते. न्हावीबुवांनी मला फडकं गुंडाळलं, साबण लावला आणि वस्तरा हातात घेऊन विचारलं, "साहेब, जाळी लावू का?"

मी आयुष्यभर ग्रॅमचा हिशेब करणारा माणूस. पितळी रेझरची दांडीसुद्धा भीतीपोटी सैल करणारा. आरशात मिस्त्री दिसत होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते, मुद्दाम रस्त्याकडे पाहत होते.

"जाळीत कचरा असेल," मी म्हणालो. "राहू द्या."

न्हावीबुवांनी वस्तरा परजला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मी डोळे मिटले. शेजारी मिल चालू होती. कानाखाली काहीतरी गार सरकलं आणि मग गळ्यावर एक कोमट थेंब ओघळला.

"लागलं का साहेब?"

"नाही," मी म्हणालो.